छबूबाईचा हात

गाईच्या घशात काही अडकलं, की डॉक्टरला फोन लावायच्या आधी वस्तीवरून छबूबाईला हाक जायची. तिचा हात लहान, बोटं लांब, आणि मनगट असं बारीक की बांगड्या भरताना कासार म्हणायचा, मावशी, तुम्हाला पोरीच्याच मापाच्या लागणार. वासरू आडवं आलं, करडाचा पाय पोटातच दुमडला, म्हशीनं आंब्याची कोय गिळली, की छबूबाई पदर खोचून पुढं व्हायची. आपल्या हाताला कधी अपयश आलं नाही असं ती स्वतःच सांगायची. वस्तीला दोन-तीन अपयशं ठाऊक होती, पण कोण बोलून दाखवतो. अडल्या वेळी हात तिचाच लागायचा.

माघातल्या त्या सकाळी घरचीच तांबी गाय अडली होती. गाय गाभण होती, म्हणून दूध आटवलेलं. आदल्या दिवसापासून तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, मान पुढं ताणून ती सारखा जोर करत होती आणि हंबरली की आवाज घोगरा यायचा. ऊसतोडीचे दिवस होते. तोडकऱ्यांकडून आणलेलं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं चार दिवस दावणीला पडत होतं. छबूबाईचा नवरा सावळाराम म्हणाला, वाढ्याचं कांडं अडकलं असणार, दुसरं काय. त्यानं गाईची शिंगं दाव्यानं बाभळीला आवळली आणि स्वतः मानेवर रेलून उभा राहिला.

छबूबाईनं कोपरापर्यंत तेल चोळलं. वाढ्याच्या पेंढ्या बांधून बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या, तेल लागल्यावर त्या चुरचुरल्या. उसाच्या पात्यानं कापलेल्या बोटांकडं या दिवसांत कोण बघतो? गाईची जीभ डाव्या हातानं बाजूला ओढून तिनं उजवा हात आत सारला. जिभेच्या बुडापर्यंत गेला, त्याच्याही पुढं गेला. आत गरम, चिकट आणि रिकामं होतं. गाईची दाढ तिच्या बोटांच्या पेरांवरून घासली गेली.

काही नाही, असं ती म्हणाली. सावळारामाला ते पटलं नाही. नीट बघ, म्हणाला. तिनं पुन्हा हात घातला, बोटं फिरवून पाहिली. घसा मोकळा होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की जनावर अडलंय आणि अडलेलं काहीच सापडत नाही. हात बाहेर काढला तेव्हा तो लाळेनं माखलेला होता आणि तिला उगाच ओशाळल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात घरात झोळीतलं पोर रडायला लागलं. पोराचं नाव विजयसिंह. चार महिन्यांचा जीव आणि नाव असं, की हाक मारताना माणसाला दम लागावा. नाव बापानं ठेवलं होतं. बाप म्हणजे छबूबाईचा दिग्विजय, कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होता आणि हंगामात आठ-आठ दिवस घरी फिरकत नसे. पोराची आई रोहिणी माळावरच्या केंद्रात स्वयंपाकाला जायची, मधे एकदा येऊन पाजून जायची. बाकी दिवसभर विजयसिंहरावांचा कारभार आजीकडं.

छबूबाईनं पाण्याच्या हौदात हात बुडवला, पदराला पुसला आणि आत गेली. तिनं सहाणेवर सुंठ, हळकुंड आणि मुरुडशेंग दोन-दोन वळसे उगाळली, बोटावर घेतली आणि पोराच्या तोंडात घातली. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं होतं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंब नको. रोहिणीनं ते लक्षात ठेवलं होतं आणि सासूला दोनदा बजावलं होतं. पण दिग्विजय गुटीवरच मोठा झाला होता, त्याचा बापही. सून कामावर गेली, की छबूबाई गुटी द्यायची आणि सहाण पालथी घालून ठेवायची. पोरानं बोट मिटक्या मारत चोखलं. हिरड्या शिवशिवत होत्या, म्हणून दाबून धरलं. मग गप झोपलं.

---

माळावरच्या त्या केंद्राला पाटीवर भलं लांब नाव होतं. वस्ती त्याला लांडग्याचं हापीस म्हणायची. वनखात्याच्या जुन्या रोपवाटिकेच्या दोन खोल्या, वर सोलर, दारात एक जीप. तिथली मोठी मॅडम रेश्मा. हापिसाची मालकीण म्हणजे कोणी जाडजूड बाई असेल असं लोकांना वाटलं होतं, तर ही तिशीतली सडपातळ पोरगी, पायात शिकाऱ्यासारखे बूट. आधी ती कुठल्याशा धो धो पावसाच्या जंगलात होती. तिथं असंच केंद्र होतं, झाडाच्या शेंड्यावर मचाण बांधून माणसं अभ्यास करायची आणि रात्री बुटातनं जळवा काढायची. रोहिणीनं हे घरी सांगितलं तेव्हा सावळाराम म्हणाला, मग हितं काय बघायला आली, आमचं कुसळ?

ती कुसळंच बघायला आली होती. तिचं म्हणणं, झाडं दाट असली म्हणजेच जंगल असं नाही. इंदापूर-बारामतीकडचा हा माळ पडीक नाही, हेही एक जंगल आहे, गवताचं, आणि त्याचा राखणदार लांडगा. तो गेला की माळ गेला. लोक ऐकून घ्यायचे. शेळी गेलेला माणूस मात्र ऐकून घ्यायचा नाही. शेजारचा दादासो तर तोंडावर म्हणायचा, मॅडम, राखणदारानं माझ्या दोन शेळ्या राखल्या, पोटात.

वर्षातून एकदा हापिसाची माणसं वस्त्या-वस्त्यांवर फिरून कुत्र्यांना सुया टोचायची. कुत्र्याचा रोग लांडग्याला जातो म्हणून. हेच छबूबाईला खटकलं होतं. सुई आमच्या कुत्र्याला आणि भलं कुणाचं, तर लांडग्याचं! शिवाय सुई टोचली की राखणीचं कुत्रं मिळमिळीत होतं, भाकरी खातं आणि झोपतं, असं सगळीकडं म्हटलं जायचं. म्हणून गेल्या पावसाळ्यात जीप आली तेव्हा तिनं घरच्या भुऱ्याचं तोंड फडक्यानं बांधून त्याला कडब्याच्या गंजीमागं कोंडलं. आमच्यात कुत्रं न्हाय, म्हणाली. रोहिणी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला वालचंदनगरला माहेरी होती. सावळाराम रानात होता. रात्री त्यानं विचारलं, टोचलं का कुत्र्याला? तिनं सांगितलं, टोचलं.

दिवाळीच्या आसपास भुऱ्या बिघडला. अंगावर यायला लागला, कोपऱ्यात अंधारात बसून राहायचा. एका सकाळी झाडलोट करताना छबूबाईच्या डोळ्यांदेखत त्यानं तांबीच्या नाकाडाला चावा घेतला. तिनं काठी घातली तसा तोंड लोंबतं ठेवून तो माळाकडं निघून गेला, तो गेलाच. जखम चार दाण्यांएवढी. हळद लावली, भरून आली. भुऱ्या कुठंय असं घरात विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, बिबट्यानं नेला. आजूबाजूला सगळा ऊस, उसात बिबटे, बिबट्यानं कुत्रं नेलं म्हटल्यावर कोण शंका घेणार. सगळे हळहळले. एक दिवस तीही हळहळली.

पौषात माळावरच्या ओघळीत एक लांडगा मरून पडलेला सापडला. रेश्मा मॅडमनं तपासून घेतलं, तर पिसाळून मेलेला. ती दारोदार विचारत फिरली, सुई राहिलेलं एखादं कुत्रं होतं का? कुणाकडं नव्हतं. छबूबाईनं चहा दिला होता तिला त्या दिवशी, वर आल्याचा तुकडा जास्तच किसून घातला होता.

---

जनावरांचा डॉक्टर दुपारी आला. एरवी तो आला की जनावराच्या पुठ्ठ्यावर थाप मारायचा आणि चहा सांगायचा. आज मोटारसायकल लावून लांबच थांबला. गाईजवळ गेलाच नाही.

त्यानं विचारलं, हिला कधी काही चावलं होतं का? सावळाराम नाही म्हणाला. छबूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग त्यानं विचारलं, तोंडात हात कुणी घातला होता का? सावळारामानं बायकोकडं पाहिलं. डॉक्टरनंही पाहिलं. तिच्या बोटांवरच्या चिरा त्याला तेवढ्या लांबूनही दिसल्या असाव्यात.

"काकू, गाय पिसाळलीय," तो म्हणाला. "घशात काही अडकलेलं नसतं, त्यांना गिळताच येत नाही. आजच्या आज इंदापूरला जाऊन सुया सुरू करा. लाळ जखमेत गेली, डोळ्यात गेली, तोंडात गेली, तरी सुई घ्यायचीच. वेळेत घेतली तर काही होत नाही. एकदा रोग वर आला, मग मात्र देवसुद्धा माणूस परत आणत नाही."

पुढं तो गाईला कुठं बांधायचं, कुणी जवळ जायचं नाही, असं बरंच सांगत होता. छबूबाईला एकच शब्द ऐकू आला होता. तोंडात. तिनं वळून झोळीकडं पाहिलं. झोळी हलत होती, पोर जागं होऊन पाय मारत होतं.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. सावळारामाला वाटलं स्वतःच्या जिवाला भ्याली. तो शेजारी येऊन बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला, जे त्यानं लग्नाला इतकी वर्षं होऊनही चारचौघांत कधी केलं नव्हतं. चल, आत्ता जाऊ, गाडी सांगतो, म्हणाला. तिनं मान हलवली. उद्या जाऊ. गाईला अशी टाकून कसं जायचं? त्यानं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. ती हललीच नाही. बातमी लागून आलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, छबूकाकी सुईला भितीय, अख्खा हात गाईच्या घशात घालती आन सुईला भितीय.

तिला भीती सुईची नव्हती. आपण जाऊन टोचून घ्यायचं, वाचायचं आणि लेकरू तसंच? आणि लेकराला न्यायचं तर का न्यायचं ते सांगायला हवं. गुटी सांगायची, मग हात सांगायचा, मग गाय, मग कुत्रं. एक काढलं की मागं सगळी माळ ओघळून यायची. पोर पाच वर्षांनी झालं होतं. दोनदा गेलं होतं, तिसऱ्यांदा राहिलं. रोहिणी नऊ महिने जिन्याची पायरीसुद्धा मोजून चढली होती. त्या रोहिणीला काय सांगायचं?

रोहिणी पळतच आली. गाय बघितली, सासूचा हात बघितला आणि तिचा चेहरा उतरला. पोराला उचलून ती आधी लांब झाली. मग हापिसात फोन लावला, हळू आवाजात काहीतरी विचारलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटलेली दिसली. जवळ येऊन म्हणाली, मॅडम सांगतात, नुसत्या शिवण्यानं काही होत नाही. आणि पोराला तिनं आपण होऊन छबूबाईच्या मांडीवर ठेवलं.

पोर आजीच्या तोंडाकडं बघून हसलं. त्याच्या हनुवटीवर लाळ आली होती. चार महिन्यांच्या पोराची लाळ गळणारच, दिग्विजयचीही गळायची, हे तिला कळत होतं आणि कळून उपयोग नव्हता. रोहिणीनं वाकून पोराच्या ओठांचा मुका घेतला. घेऊ नको, असं छबूबाईच्या घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

त्या रात्री गाय थांबून थांबून ओरडत होती. छबूबाई उठून तांब्यातलं पाणी प्यायची. तहान नव्हती. गिळता येतंय का, ते बघायची. गिळता आलं की पडायची, डोळा लागायच्या आत परत उठायची. मग पोराजवळ जाऊन ते दूध ओढतंय का, ते अंधारात ऐकत बसायची. अशी भीती तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. सासरा गेला, बरड रान बुडालं, दिग्विजयला लहानपणी साप चावला, तेव्हा भीती बाहेर होती, तिच्याशी चार हात करता येत होते. ही तिच्या हातातच येऊन बसली होती.

---

सकाळी गाय मेली. पोटातलं वासरूही गेलं. खड्डा खणायला जेसीबी सांगितला होता, तो यायच्या आधी माणसं जमली. पांघरुणं लपेटून, कानाला मफलर बांधून, गाईपासून लांब अर्धगोल करून उभी. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आपली जनावरं काल कुठं चरली, पोरं कुठं खेळली, याचा प्रत्येक जण मनात हिशेब करत होता.

दादासो बोलला. बोलायला कोणी नसलं की तो बोलायचाच. लांडगा पिसाळून मेला, त्यानंच गाईला गाठलं असणार. उरलेले पण पिसाळणार. ओघळीतल्या बिळात मादी व्यालीय, पिलं आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. आज गाय गेली, काकींवर बेतलं, उद्या शाळेच्या वाटेवर पोरं. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांची देठं आणि भुसा पेटवायचा, धूर आत सोडायचा आणि बाहेर येईल ते ठेचायचं. पोतं त्यानं भरूनच आणलं होतं. कुणी हो म्हणालं नाही, पण काठ्या गोळा झाल्या. सावळारामानं घरात जाऊन पहार आणली. तो मारकुटा माणूस नव्हता. मुंगळाही फुंकून बाजूला सारायचा. पण त्याची बायको रात्रभर पाणी पीत बसलेली त्यानं पाहिली होती.

तेवढ्यात जीप आली. छबूबाईला इंदापूरला न्यायचं म्हणून रेश्मा स्वतःच आली होती. काठ्या, पोतं, पहार बघून काय चाललंय ते तिला विचारावं लागलं नाही. ती उतरली आणि वाटेत येऊन उभी राहिली.

ती म्हणाली, मी तुम्हाला अडवू शकत नाही, मी एकटी आहे. वनखात्याची गाडी येईपर्यंत तुमचं काम होऊन जाईल. पण त्या मादीच्या गळ्यात आमचा पट्टा आहे, ती कुठं जाते ते आम्हाला कळतं, ती या गोठ्याकडं एकदाही आलेली नाही. पिसाळलेलं जनावर पिलांना पाजत बसत नाही. आणि तुमचं खरं धरलं, आतली पिसाळलेली आहेत, तरी धूर केल्यावर ती कुणाच्या अंगावर येतील?

एक-दोघं मागं सरले. दादासो नाही सरला.

"मग गाईला कोण चावलं?" तो म्हणाला. "हवेतनं आला का रोग?"

"तेच मला महिनाभर कळत नाहीये," रेश्मा म्हणाली. "लांडग्याला तो कुणीतरी दिला. जे कोण होतं, ते मरायच्या आधी आणखी कुणाला चावलं असेल, कुणा लेकराला चाटलं असेल. त्या माणसाला आज ते माहीत नाही. त्याला आज सुई मिळाली तर तो जगेल. म्हणून शेवटचं विचारते. या वस्तीवर सुई राहिलेलं एक तरी कुत्रं होतं का?"

रोहिणी पोराला शालीत घेऊन दारात उभी होती. पोराची एक मूठ शालीबाहेर होती आणि ती मूठ ते स्वतःच्या तोंडात कोंबत होतं.

"व्हतं," छबूबाई म्हणाली. "आमचा भुऱ्या."

सगळ्या माना वळल्या. तिनं सांगितलं. गंजीमागं कोंडलेलं सांगितलं, गाईच्या नाकाडाचं सांगितलं, काठीचं सांगितलं. बोलताना तिची नजर जमिनीवरच होती, पण आवाज थांबला नाही. सावळाराम पहार धरून ऐकत होता.

"बिबट्यानं न्हेला म्हनली व्हतीस," तो म्हणाला.

त्याला काय सांगायचं ते नंतर सांगता येणार होतं. अवघड होतं ते अजून पुढंच होतं. ती चार पावलं चालून सुनेसमोर गेली आणि हात मागं घेऊन उभी राहिली.

"रोहिणी, काल गाईच्या तोंडातनं हात काढला आन नुसता पान्यात बुडवला. तेच बोट ह्याच्या तोंडात घातलं. गुटी द्यायला. मी रोज देतीया. तू न्हाय म्हनली व्हतीस तरी देतीया."

रोहिणी ओरडली नाही. तिनं पोराला उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं त्याची हनुवटी खाली दाबली आणि तोंड उघडून आत पाहिलं. आत गुलाबी हिरड्या होत्या, खालची एक थोडी फुगलेली, आणि इवलीशी जीभ. ती बघतच राहिली. पोराला तो खेळ वाटला, ते आईचा अंगठा चोखायला लागलं. तेव्हा मात्र तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"काल सकाळी?" रेश्मानं मधे येऊन विचारलं. "कालच ना? मग वेळ आहे. रोहिणी, माझ्याकडं बघ, वेळ आहे. गाडीत बस."

त्या दिवशी बिळाकडं कुणी गेलं नाही. लांडग्यांची माया आली म्हणून नव्हे. भुऱ्या दिवाळीत कुणाच्या दारात भाकरीला गेला होता, कुणाच्या पोरानं त्याच्या गळ्यात हात टाकला होता, ते जो-तो आठवायला लागला होता. दादासोची धाकटी प्रतीक्षा, भुऱ्यानं खेळता खेळता दात लावला, असं सांगत होती, तेव्हा बोरीचा काटा असेल म्हणून त्यांनी चुना लावला होता. खांद्यावरचं पोतं टाकून तो पोरीला आणायला पळाला.

---

प्रतीक्षा आणि दादासो मागं मोटारसायकलवर निघाले. जीपमध्ये रोहिणी पोराला घेऊन पुढं बसली. मागं पिंजरा आणि जाळी ठेवलेल्या फळीवर सावळाराम आणि छबूबाई. सावळाराम तिच्यापासून वीतभर सरकून बसला होता. ती दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली की डोकं टपाला लागायचं, पण तिनं आधाराला हात काढला नाही. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालले होते, गाणी लावून. त्यातल्या कुठल्याशा ट्रॅक्टरवर दिग्विजय होता, त्याला अजून कुणी कळवलं नव्हतं.

पोर आईच्या खांद्यावरून मागं बघत होतं. आजी दिसली की हसायचं, तिच्याकडं झेप घ्यायचं. आजी उचलत नाही म्हणून शेवटी रडायला लागलं. त्याला गप करायचं काम कायम छबूबाईचं. रोहिणीनं एकदाही मागं पाहिलं नाही. त्याला दाबून धरून ती पुढच्या काचेतून सरळ बघत राहिली. इंदापूर येईपर्यंत पोर रडत होतं.

सरकारी दवाखान्यात रेश्मानं फोन करून ठेवला होता, डॉक्टरीण वाट बघत होती. तिनं सगळं विचारून घेतलं, पोराच्या हिरड्या पाहिल्या. वेळेत आलात, म्हणाली. दोन्ही मांड्यांत सुया द्याव्या लागतील, पुन्हा ठरल्या दिवशी यावं लागेल, एकही चुकवायची नाही, मग घाबरायचं कारण नाही. छबूबाईनं तिला तीनदा विचारलं, खरंच ना? डॉक्टरीण तिन्ही वेळा हो म्हणाली. तरी छबूबाईला धीर आला नाही. हो म्हणणारी माणसं तिनं पाहिली होती. ती स्वतःच महिनाभर नाही म्हणत आली होती.

नर्सनं पोराला टेबलावर घेतलं, लंगोट सोडला. पाय घट्ट धरा, हलला तर सुई वाकडी जाईल, म्हणाली. रोहिणीनं धरले, पण तिचेच हात असे कापत होते की पोराचे पाय सुटून जात होते. एकदा सुटले, दोनदा सुटले. नर्सनं दाराकडं पाहिलं. आजी आहेत ना, आजी, तुम्ही या, तुम्हाला सवय असेल.

छबूबाई दारातच थांबली. रोहिणीनं मान वर केली. वस्तीवरून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच सासूकडं बघत होती. आधी तोंडाकडं पाहिलं, मग हातांकडं. बराच वेळ हातांकडंच बघत राहिली.

"धुऊन या आदी," ती म्हणाली.

छबूबाई बाहेर व्हरांड्यातल्या नळावर गेली. तिथं साबणाची झिजलेली वडी होती. तिनं हात धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखांत साबण भरून काढला, कोपरापर्यंत चोळलं. धुऊन झाले म्हणून हात उजेडात धरून पाहिले आणि तिला ते धुतल्यासारखे वाटेनात. तिनं पुन्हा साबण लावला. चिरांमधून रक्त यायला लागलं, तरी ती चोळत होती. आतून पोराची किंकाळी ऐकू आली. मग दुसरी. थांबले नव्हते तिच्यासाठी, सावळारामानं पाय धरले होते. ती तशीच चोळत राहिली. किंकाळी बारीक होत हुंदक्यांवर आली, हुंदके थांबले, दाराचा आवाज झाला, तरी तिला नळ बंद करावासा वाटला नाही.

रोहिणी पोराला खांद्यावर घेऊन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पोराचे डोळे सुजले होते, दोन्ही मांड्यांवर कापसाचे बोळे चिकटवले होते. थोडा वेळ ती नुसती सासूच्या हातांवरून वाहणारं तांबूस पाणी बघत होती. मग मोकळ्या हातानं तिनं नळ बंद केला.

"पुरं आता, आत्या," ती म्हणाली. "चला. तुमचा नंबर हाय."